आरसी (रिमोटवरचं) विमान शिकायचंय ना? मग आधी एलेव्हेटर ओढायचं सोडा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असं, की वय ४३, पोरगा बारा वर्षांचा, दोघांनाही विमानाचं वेड, ऑनलाइन एक फोमचं चार चॅनेलवालं लढाऊ विमान मागवलं, आठवडाभर यूट्यूब बघून जोडलं, रविवारी गावाबाहेरच्या रानात पोराने हाताने फेकलं, ते वर गेलं, डावीकडे कललं आणि नाकावर आपटलं, सगळा खेळ सहा सेकंदात खलास. आता विचारताय की विमानच खराब होतं का, आपलं वय जास्त झालंय का, आणि आता दुसरं कुठलं घ्यावं.

विमान बहुतेक खराब नव्हतं. दुसरं कुठलं घ्यावं हे खरं तर सगळ्यात शेवटी विचारायचं असतं पण सगळे तेच आधी विचारतात, मीपण विचारलेलं. आणि वयाचं म्हणाल तर मेनार्ड हिल नावाचा एक अमेरिकन म्हातारा होऊन गेला, २००३ साली वय ७७, डोळ्यांना जवळजवळ दिसत नव्हतं, ऐकूही धड येत नव्हतं, त्याने घरी बनवलेलं मॉडेल कॅनडातल्या न्यूफाउंडलंडवरून सोडलं आणि ते अटलांटिक ओलांडून आयर्लंडमध्ये उतरलं. जवळजवळ ३९ तास, तीन हजार किलोमीटर, इंधनासकट वजन पाच किलोच्या आत. मधला प्रवास ऑटोपायलटवर होता आणि उतरवायला पलीकडे दुसरा माणूस उभा होता हे खरं, पण तुम्ही ४३ला म्हातारे झालात असं मला सांगू नका.

मी ९४ पासून उडवतोय. तेव्हा ग्लो इंजिन, मेथॅनॉल, एरंडेल तेलाचा वास आणि ७२ मेगाहर्ट्झचे रिमोट, एकाच नंबरचं क्रिस्टल (रिमोटची फ्रिक्वेन्सी ठरवणारा तुकडा) दोघांनी चालू केलं की एकाचं तरी विमान गेलंच. आता २.४ गिगाहर्ट्झने ती कटकट संपवली, लायपो बॅटऱ्यांनी तेलाचे डाग संपवले, फोमने तीन-तीन महिने बाल्साचं लाकूड घासणं संपवलं. पण नवीन माणूस ज्या कारणाने विमान पाडतो ते कारण तीस वर्षांत तसूभर बदललं नाही. म्हणून त्या सहा सेकंदांकडेच आधी बघू.

पोराने फेकताना वर फेकलं असणार. सगळेच वर फेकतात, विमानाला वर जायचंय असं डोक्यात असतं ना. पण हातातून सुटताना विमानाकडे वेग असतो तो पोराच्या धावण्याचा आणि हाताच्या झटक्याचा, नाक वर असलं की तो दोन सेकंदात खर्च. पंखावरून हवा पुरेशा वेगाने आणि बेताच्या कोनात गेली तर पंख उचलतो, तो कोन साधारण १४-१५ अंशांच्या पुढे गेला की पंखाच्या पाठीवरची हवा सुटते आणि उचल एकदम कोसळते, याला स्टॉल म्हणतात. मोटार बंद पडण्याशी त्याचा संबंध नाही, मोटार फुल बोंबलत असताना पण विमान स्टॉल होतं. आता डावीकडेच का? प्रॉप, म्हणजे नाकावरचा पंखा, मागून बघितला तर घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो, त्याची उलटी प्रतिक्रिया विमानाला डावीकडे लोळवते, आणि वेग कमी, थ्रॉटल फुल असला की ती जास्तच जाणवते. तर विमान डावीकडे कललं, नाक खाली यायला लागलं, आणि तुम्ही काय केलंत? एलेव्हेटरची, म्हणजे शेपटीवरच्या आडव्या झडपेची, स्टिक पोटाकडे ओढली. मी तिथे नव्हतो पण चहाची पैज लावतो. खाली चाललंय म्हटल्यावर माणूस वर ओढतोच, आणि आधीच काठावर असलेलं विमान त्या ओढण्याने पुरतं स्टॉल होतं, एक पंख आधी पडतो, नाक जमिनीत.

मी ज्यांना ज्यांना शिकवलं त्या सगळ्यांची सुरुवातीची निम्म्याहून जास्त मोडतोड या एका ओढण्याने झालीय. टेकऑफला ओढतात, वळताना ओढतात, उतरवताना तर दोन्ही हातांनी ओढायचं बाकी ठेवतात. एलेव्हेटर म्हणजे लिफ्टचं वरचं बटण नव्हे हो. एलेव्हेटरने नाकाचा कोन ठरतो आणि त्या कोनावरून वेग ठरतो, उंची मिळते ती थ्रॉटलने. वर जायचंय तर थ्रॉटल वाढवा, खाली यायचंय तर कमी करा, आणि एलेव्हेटरला बोट नुसतं टेकवून ठेवा, दाबायचं नाही. ट्रिम (रिमोटवरची बारीक जुळणी) नीट बसवलेलं ट्रेनर, म्हणजे शिकायचं, विमान अर्ध्या थ्रॉटलवर स्टिक सोडून दिल्या तरी आपापलं सरळ जातं. नवीन माणसाचा यावर विश्वासच बसत नाही. मी पहिल्याच दिवशी शंभर-सव्वाशे फुटांवर विमान नेऊन रिमोट विद्यार्थ्याच्या हातात देतो आणि म्हणतो काही करू नका, दहा आकडे मोजा. सातव्या आकड्याला त्यांची बोटं वळवळायला लागतात.

आता विमान. तुम्ही फोटोत दाखवलंय ते मीटरभर पंखाचं, नऊशे ग्रॅमचं, पंख निमुळते आणि पोटाशी. दिसायला झकास, मला पण आवडतं, पण हिशोब बघा. पंखाचं क्षेत्रफळ फार तर १५ चौरस डेसिमीटर, म्हणजे प्रत्येक चौरस डेसिमीटरवर ६० ग्रॅम. त्याच वजनाचं ट्रेनर घ्या, पंख १२० सेंटिमीटर लांब आणि २० रुंद, झाले २४ चौरस डेसिमीटर, भार ३७-३८ ग्रॅम. पहिलं विमान साधारण ३५-३६ किमीच्या वेगाखाली पडतं, दुसरं २७-२८ला सुद्धा तरंगतं. कागदावर हा फरक आठ किलोमीटरचा, मैदानावर तो 'अरे अरे अरे' म्हणायला वेळ मिळतो की नाही एवढा असतो. शिवाय ट्रेनरचा पंख वरच्या बाजूला आणि त्याची दोन्ही टोकं थोडी वर उचललेली, त्यामुळे एका बाजूला कललं तर आपणहून सरळ व्हायला बघतं. लढाऊ विमान सरळ होत नाही, ते जिथे वळवलं तिथे जातं, त्याचा जन्मच त्यासाठी.

म्हणून उंच पंखाचं, १२०-१४० सेंटिमीटरचं, किलोच्या आसपासचं फोमचं ट्रेनर. ईपीपी फोम मिळाला तर उत्तम, आपटला तरी दबतो आणि परत फुगतो. कोरोप्लास्टचं (पोकळ प्लॅस्टिकच्या पत्र्याचं) पण करतात लोक, मजबूत असतं पण जड होतं. पंख रबरबँडने बांधायची सोय असेल तर तेच घ्या, स्क्रूवाला नको, पडल्यावर रबरबँड सुटतात आणि पंख वाचतो. २२१२ची हजार-केव्ही मोटार (केव्ही म्हणजे दर व्होल्टला मिनिटाचे फेरे), ३० अँपिअरचा ईएससी (मोटारीचा वेग सांभाळतो तो), नऊ ग्रॅमचे चार सर्व्हो (झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटारी), तीन सेलची २२०० एमएएच लायपो, सहा चॅनेलचा साधा रिमोट, फ्लायस्कायचा आय-सिक्स पुष्कळांकडे असतो आणि शिकायला तो पुरतो. चार्जरसकट सगळं मिळून अंदाजे १२ ते १५ हजारात बसतं. त्यात कपात करायची तर विमानात करा, चार्जरमध्ये नको.

गायरोचं पण विचारलंय तुम्ही. आजकाल तयार विमानात स्टॅबिलायझर येतो, स्टिक सोडली की विमान सरळ. वाईट नाही ते, पण मी बघितलंय की त्यावर वर्षभर उडवणारा माणूस गायरो बंद केला की पहिल्या दिवसावर येतो. शिकताना एका स्विचवर ठेवा, घाबरलात की लावा, रोज थोडा थोडा वेळ बंद ठेवत जा. कुबडीसारखं आहे ते, पाय बरा झाल्यावर पण घेऊन फिरायची सवय लागते.

पुढचं काम खर्चाचं नाही पण कंटाळ्याचं आहे, सिम्युलेटर. पिकासिम फुकट मिळतं, कॉम्प्युटरवर चालतं, रिमोट यूएसबी केबलने जोडता येतो. मोबाइलच्या काचेवर अंगठा फिरवून सराव करू नका, हाताला खऱ्या स्टिकचीच सवय लागली पाहिजे. आणि तिथे लूप मारत बसू नका, पोरं तेच करतात. सिम्युलेटरचा उपयोग एकच, विमान आपल्याकडे तोंड करून येतं तेव्हा डावं-उजवं उलटं होतं ते डोक्यात बसवायला. लांब जाताना उजवी स्टिक म्हणजे विमान तुमच्या उजवीकडे, पण समोरून येताना उजवी स्टिक दिली की ते तुमच्या डावीकडे जातं आणि तिथे मेंदू बंद पडतो. याला एक जुनी युक्ती आहे, येणाऱ्या विमानाचा जो पंख खाली झुकलाय, त्याच्या खाली टेकू दिल्यासारखी स्टिक त्याच बाजूला सरकवायची. डावा-उजवा विचारच करायचा नाही, झुकलेल्या बाजूला टेकू, बस. आमच्या सरांनी मला हे बाजेच्या मोडक्या पायाचं उदाहरण देऊन सांगितलेलं, ज्या कोपऱ्यात बाज खचली तिथे वीट सरकवायची. आजही गडबड झाली की मला ती वीट आठवते. सिम्युलेटरवर आठ-दहा तास नुसते इंग्रजी आठचे आकडे काढा, डावीकडून पण आणि उजवीकडून पण. पोरगा तुमच्या आधी शिकेल, मनाची तयारी ठेवा.

यानंतर माणूस शोधा. एकट्याने शिकता येतं का म्हणाल तर येतं, मी शिकलोय, चार विमानं लागली. शिकवणारा असेल तर एकात भागतं. जवळपास उडवणारे असतातच, इंजिनीअरिंग कॉलेजात एरोमॉडेलिंगचा ग्रुप असतो, एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग शिकवतात, तिथून गेलेली पोरं गावोगाव आहेत. हॉबी शॉपवाल्याला विचारा, त्याला कोण कुठे उडवतं ते माहीत असतं. आणि भेटल्यावर बडी केबलचं विचारा. दोन रिमोट केबलने जोडतात, गुरूच्या रिमोटवर एक स्विच असतो, तो दाबून धरला की विमान तुमच्या ताब्यात, सोडला की त्याच्या. रिमोट हातातून हातात देताना जे दोन सेकंद जातात ना, त्यात किती विमानं गेलीत विचारू नका. फक्त दोघांचा मोड एकच हवा. मोड दोनमध्ये थ्रॉटल डाव्या हाताला, मोड एकमध्ये उजव्या. माझे सर मोड एकवाले, म्हणून मी पण, आणि आता येणारी सगळी पोरं मोड दोनवर, त्यामुळे मला शिकवायला दोन वर्षं घालवून पन्नाशीत दुसरा मोड शिकावा लागला. तुम्ही दोनच घ्या.

मैदानावर जायच्या आधी घरी दोन गोष्टी, यात मात्र मी कुणाचं ऐकत नाही.

पहिली सीजी, म्हणजे तोल. बॅटरी, पंख सगळं बसवून विमान पंखाखाली दोन बोटांवर उचला. पंख २० सेंटिमीटर रुंद असेल तर पुढच्या कडेपासून ५ ते ६ सेंटिमीटरवर तोल साधला पाहिजे, म्हणजे रुंदीच्या २५ ते ३० टक्के. तिथे खालून पेनाने खुणा करून ठेवा. नाक किंचित खाली झुकलं तर चालेल, शेपूट खाली गेलेली अजिबात चालणार नाही. नाक जड असलं तर विमान मठ्ठ होतं, उतरताना जास्त पळतं, इतकंच. शेपूट जड असलं तर ते एलेव्हेटरच्या जराशा हालचालीला उधळतं आणि तुमच्या हातात राहतच नाही. बॅटरी पुढे-मागे सरकवून जमवा, नाहीच जमलं तर नाकात वजन भरा, शिशाचे तुकडे, नटबोल्ट, काहीही. तुमचं ते लढाऊ विमान पण आता एकदा तोलून बघा, मला संशय आहे.

दुसरी दिशा. इथे माझीच गोष्ट सांगतो. माझं दुसरं विमान, बाल्साचं, पंखाला हाताने फिल्म चढवलेली, तीन महिन्यांचं काम. एक सर्व्हो बिघडला म्हणून आदल्या रात्री बदलला. सकाळी मैदानावर स्टिक हलवून बघितली, एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेच्या झडपा) मस्त हलतायत, चला. विमान उठलं, वाऱ्याने थोडं उजवीकडे कललं, मी डावी स्टिक दिली, ते आणखी उजवीकडे गेलं, मी आणखी डावी दिली. चाळीस फुटांवरून पाठ जमिनीकडे करून आलं. नवीन सर्व्होचा हात मी उलट्या बाजूला बसवला होता. एलेरॉन हलतायत का ते बघितलं होतं, कुठल्या बाजूला हलतायत ते नाही. तेव्हापासून प्रत्येक फ्लाइटआधी विमानाच्या मागे उभं राहून मोठ्याने बोलतो, उजवी दिली, उजवा एलेरॉन वर, डावा खाली. ओढली, एलेव्हेटर वर. रडर (शेपटीची उभी झडप) उजवा, रडर उजवीकडे. लोक हसतात, हसू द्या.

हे सगळं घरी करताना प्रॉप काढून ठेवा. माझ्या उजव्या तर्जनीवर तीन टाके आहेत. आठ-नऊ इंची प्लॅस्टिकचा प्रॉप खेळण्यातला वाटतो, पण तो मिनिटाला आठ-दहा हजार वेळा फिरतो आणि थ्रॉटलची स्टिक शर्टाच्या बाहीला लागून वर सरकायला काही लागत नाही. आधी रिमोट चालू, थ्रॉटल खाली, मग विमानाची बॅटरी जोडायची, बंद करताना आधी विमान मग रिमोट. फेलसेफ पण बघून घ्या, प्रॉप काढलेला असताना मोटार चालवा आणि रिमोट बंद करा, मोटार गप्प झाली पाहिजे. होत नसेल तर विमान उडवू नका, सिग्नल गेला तर ते तसंच फिरत कुणाच्या तरी अंगणात जाईल. रिमोटमध्ये एक्स्पो ३० टक्के ठेवा, स्टिक मधल्या भागात मऊ होते, घाबरट बोटांना बरं पडतं.

बॅटरीवर सविस्तर लिहायला बसलो तर रात्र होईल. थोडक्यात, बॅलन्स चार्जरवरच, २२०० एमएएचला २.२ अँपिअरने, समोर बसून, मातीच्या कुंडीत नाहीतर फरशीवर, गादीवर कधीच नाही. सेल भरला की ४.२ व्होल्ट, उडवून आल्यावर ३.६-३.७च्या खाली नको, आठवडाभर उडवणार नसाल तर ३.८वर ठेवा. पावासारखी फुगली की तिचा मोह सोडा. आणि टायमर सहा मिनिटांचा लावा, ही बॅटरी असल्या विमानात आठ-नऊ मिनिटं जाते पण पहिल्या पाच प्रयत्नांत तुम्हाला उतरवायला जमणार नाहीये, ती दोन-तीन मिनिटं त्यासाठी.

जागा. आपल्याकडे सगळ्यात चांगली वेळ म्हणजे पावसाळा सरल्यावर, पीक निघालेलं रान किंवा माळ, सकाळी साडेसहा ते साडेआठ. मूठभर वाळकं गवत वर उडवा, पायाशी पडलं तर उडवा, चार पावलं लांब गेलं तर चहा पिऊन घरी या. मार्च-एप्रिलमध्ये दहानंतर जमीन तापते, वावटळी उठतात, आणि किलोभराच्या फोमला वावटळ म्हणजे काय ते सांगायला नको. संक्रांतीच्या आठवड्यात गावाजवळ उडवू नका, मांजा. घारी येतील, शेजारून गोल फिरतील, बहुतेक वेळा नुसती चौकशी असते, झेप घेतली तर थ्रॉटल देऊन बाजूला व्हा, मागे लागू नका. नंतर कधी ग्लायडर घेतलंत तर हीच घार तुमची गुरू, ती पंख न हलवता जिथे गोल गोल वर चढते तिथे गरम हवा उठतेय, विमान तिथे न्यायचं.

कायद्याचं पण बघायलाच लागतं आता. ड्रोन नियम २०२१ यात आपली विमानं पण येतात, त्यात करमणुकीसाठी नजरेच्या टप्प्यात उडवायच्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेलची वेगळी व्याख्या आहे आणि त्याला टाइप सर्टिफिकेट लागत नाही. पण जागेचे नियम सगळ्यांना सारखेच. सरकारी डिजिटल स्कायच्या नकाशावर आपलं रान हिरव्या झोनमध्ये आहे का बघा, हिरव्यात ४०० फुटांपर्यंत, चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच, त्याच्या आत परवानगीशिवाय नाहीच. पुण्यासारख्या ठिकाणी लष्करी जागा पण पुष्कळ. मुंबईत तर पोलिसांचे मनाई आदेश निघत असतात, त्यात ड्रोन, पॅराग्लायडर यांच्यासोबत रिमोट कंट्रोलवरची छोटी विमानं पण लिहिलेली असतात. आणि ज्याचं रान त्याला आधी विचारा, हा नियम कुठे छापलेला नाही पण सगळ्यात जास्त उपयोगाचा आहे, का ते खाली सांगतो.

आता प्रत्यक्ष उडवणं. फेकायला मोठा माणूस, वाऱ्याच्या तोंडावर, चार पावलं पळून, समोर क्षितिजाकडे भाला फेकल्यासारखं सपाट, वर नाही. थ्रॉटल तीन चतुर्थांश. सुटल्यावर तुम्ही काही ओढायचं नाही, दोन सेकंद वेग घेऊ द्यायचा, मग ते आपणच चढायला लागतं. एवढं वर न्या की हातून दोन-तीन चुका झाल्या तरी निस्तरायला जागा राहील, तळमजल्यावर प्रयोग नको. मग अर्धा थ्रॉटल आणि ट्रिम. पहिल्या दहा फ्लाइट फक्त आपल्यासमोर लांबट आयत काढायचा, विमान डोक्यावरून मागे कधीच न्यायचं नाही, सूर्याकडे नाही, आणि इतकं लांब नाही की पंख दिसतोय का पोट हे कळेनासं होईल.

वळण घेताना ओढायचा मोह परत येतो आणि इथे थोडं ओढावं लागतंच, कारण कललेल्या पंखाची उचल पण तिरकी होते आणि विमान उंची सोडतं. पण कलणं जेवढं जास्त तेवढं पंखावर वजन वाढतं, ६० अंश कललं की वजन दुप्पट, आणि २७ला तरंगणारं विमान ३८ला स्टॉल होतं. म्हणून वीस-तीस अंशांच्या पुढे कलायचंच नाही, मोठी आळशी वळणं, एसटी घाटात वळते तशी. अजून एक फसवणूक वाऱ्याची. वाऱ्याबरोबर जाताना विमान जमिनीवरून बघताना सुसाट दिसतं, म्हणून नवीन माणूस थ्रॉटल कमी करतो, पंखाला मात्र हवा तेवढीच मिळत असते, ती पण कमी होते, आणि उतरायला शेवटचं वळण घेताना ओढलं की खेळ खलास. सगळ्यात जास्त विमानं या वळणावर पडतात.

माझं एक उसात गेलं ते असंच. नोव्हेंबर, पलीकडे बारा महिन्यांचा ऊस, वीतभर जास्त वर आलो असतो तर बांधावर उतरलो असतो. वाऱ्याबरोबर येताना थ्रॉटल कमी, वळणावर थोडं ओढलं, डावा पंख टपकन पडला आणि विमान शेंड्यांमध्ये नुसतं सुळकन आत. आवाज सुद्धा नाही. आठ फूट उंच उसात गेलं की तीन पावलांवरचं दिसत नाही, पाती हात-तोंड कापतात, आणि आत शिरल्यावर दिशा राहत नाही. दीड तास शोधलं. शेवटी त्या रानाच्या मालकाने आवाज दिला, तुमचं कबूतर सापडलं का. त्याने मला परत बांधावर जिथे उभा होतो तिथेच उभं केलं, म्हणाला बोट दाखवून धरा, आणि तो त्या बोटाच्या रेषेत पलीकडच्या बाभळीकडे बघत आत चालत गेला, मी इकडून हातवारे करून त्याला रेषेवर ठेवत होतो. दहा मिनिटांत बाहेर आला, विमान डोक्यावर घेऊन. तेव्हापासून विमान कुठेही पडलं तरी मी जागेवरून हलत नाही, आधी मागचं झाड किंवा खांब धरून रेघ डोळ्यात बसवायची, पोराला पाठवायचं, आणि थ्रॉटल खाली ठेवून बाकीच्या स्टिक हलवत राहायच्या, सर्व्होची कुरकुर शांत रानात बरीच लांब ऐकू येते.

उतरवणं सगळ्यात शेवटी शिकतात पण त्याचा सराव उंचावर आधीच करता येतो. दीडशे फुटांवर थ्रॉटल पूर्ण बंद करा, एलेव्हेटर हळूहळू ओढत जा आणि बघा विमान कधी नाक टाकतं. मग स्टिक सोडा, ते आपणहून नाक खाली करून वेग घेतं आणि परत उडायला लागतं, पंधरा-वीस फूट जातात फार तर. हे दहा-बारा वेळा केलंत की ओढल्याने काय होतं ते हाताला कळतं, मी कितीही लिहिलं तरी ते डोळ्याला नुसतं वाचल्यासारखंच राहणार. उतरताना वाऱ्याच्या तोंडावर, लांबून, थ्रॉटल जवळजवळ बंद, नाक किंचित खाली. कमी पडतंय वाटलं तर थ्रॉटल द्या, ओढू नका. जमिनीपासून हातभर राहिलं की मग ओढायचं, हळू, बाळाला पाळण्यात ठेवतात तसं. तो सगळ्या फ्लाइटमधला एकच क्षण आहे जिथे ओढायला पूर्ण परवानगी आहे. आणि चुकतंय वाटलं तर थ्रॉटल देऊन परत एक फेरी मारा, पहिल्याच प्रयत्नात उतरवायचा कुणी दंड लावलेला नाही.

तुमचं ते पडलेलं विमान फेकू नका. मोटारीचा शाफ्ट बोटाने फिरवून बघा, लचकत असेल तर वाकलाय, नवीन मिळतो. सर्व्हो एकेक करून हाताने हळू फिरवा, मध्येच अडकला तर दात तुटलेत. ईएससी आणि रिसीव्हर बहुतेक ठीक असणार, ट्रेनरमध्ये तेच घाला. बॅटरी आपटून चेपली असेल तर दोन दिवस घराबाहेर ठेवून लक्ष ठेवा, फुगतेय का. फोम जोडायला हॉट ग्लू वापरा, फेविक्विक थर्माकोलला खातं, ईपीपीला चालतं, आधी एका कोपऱ्यावर थेंब टाकून बघा. नाक चेपलं असेल तर उकळत्या पाण्याची वाफ द्या, ईपीओ फोम असेल तर बराचसा परत फुगतो. आणि नीट करून ते कपाटावर ठेवा, ट्रेनरच्या पन्नासेक फ्लाइट झाल्या की काढा, तोवर तोलाच्या खुणा तेवढ्या करून ठेवा त्याच्या पंखाखाली.